एक श्वास थांबायचं

आरोग्य खात्याचं नवं धोरण आलं तेव्हा मी कळा येत असलेल्या एका बाईची पाठ चोळत होते. इन्चार्ज सिस्टर हातात कागद नाचवत आल्या आणि म्हणाल्या, "आता नर्सांनी आणि सुइणींनी संशोधन करायचंय. वरून आलंय." मी म्हटलं, "आधी माणसं द्या म्हणावं, मग संशोधन." माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्या नुसत्या हसल्या.

पण या वेळी प्रकरण निराळं होतं. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने काही नर्सा आणि सुइणी निवडायच्या, त्यांना आठवड्यातला एक दिवस वॉर्डातून मोकळं करायचं, शिकवायला माणूस द्यायचा आणि प्रश्न मात्र त्यांचा त्यांनीच शोधायचा. डॉक्टरांच्या अभ्यासासाठी रक्ताच्या नळ्या पोचवणं म्हणजे संशोधन नव्हे, असं त्यात चक्क लिहिलं होतं. ते वाचून मला वाटलं, लिहिणाऱ्याने कधीतरी वॉर्डात पाऊल ठेवलेलं दिसतंय. वर्षाअखेर काहीतरी करून दाखवायचं, नाहीतर तो मोकळा दिवस परत जाणार. त्या दिवसाला आम्ही 'शोधवार' नाव ठेवलं. डॉक्टर मंडळी येताजाता चिडवायची, "सिस्टर, आज इंजेक्शन देताय की सिद्धांत मांडताय?" मी म्हणायचे, "या, आज तुम्हालाच टोचते."

शिकवायला नर्सिंग कॉलेजातल्या एक बाई येत. स्वतः अनेक वर्षं वॉर्डात राबलेल्या होत्या, पण कुणी काहीही बोललं की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "पुरावा काय?" आठवड्याभरात त्यांचं नाव पुरावाबाई पडलं आणि ते त्यांना आवडलंही. एका शोधवारी त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज करता, पण का करता ते माहीत नाही, अशी एक गोष्ट सांगा."

बाकीच्या विचार करत बसल्या. मी पटकन बोलून गेले, "लेबर रूमचं दार वाजवणं."

सगळ्या हसल्या, कारण सगळ्याच ते करत होत्या. आमच्या लेबर रूमला एक जुनं जाड दार आहे, त्यातली गोल काच पांढऱ्या रंगाने रंगवलेली. बाईला आत न्यायच्या आधी खोली रिकामीच असते. तरी आम्ही बोटांच्या पेरांनी दोनदा दार वाजवतो आणि तडक आत घुसतो. मला हे थोरल्या सिस्टरनी शिकवलं होतं. त्या आता हयात नाहीत. स्वयंपाकघरात शिरलेल्या मांजराला हाकलायला आपण भांडं आपटतो ना, तशा त्या दार वाजवायच्या आणि हात खाली यायच्या आत आत शिरायच्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या होत्या, "सवय लाव. तोंड चालवू नकोस." तोंड चालवणं हा माझा स्वभावच आहे, पण त्यांच्यापुढे माझी डाळ शिजत नसे.

पुरावाबाईंना हा प्रश्न भलताच आवडला. "कदाचित त्या आवाजाने बाईला धीर येत असेल. आपण कुठेतरी भसकन ढकलले जात नाही, विचारून आत जातोय, असं वाटत असेल. मोजून बघू या."

असा आमचा अभ्यास ठरला. एका डब्यात दोन रंगांची बटणं टाकली, पांढरी आमच्या गणवेशाची आणि निळी जुन्या पडद्यांची. बाईला आत न्यायच्या आधी वॉर्डातल्या मावशींनी डोळे मिटून एक बटण काढायचं. निळं निघालं तर दार न वाजवता आत जायचं. पांढरं निघालं तर दोनदा वाजवायचं आणि एक श्वास थांबायचं. हे थांबणं नवीन होतं. पुरावाबाई म्हणाल्या, "वाजवून लगेच घुसलं तर त्या वाजवण्याला अर्थ काय? विचारलंय तर उत्तराला जागा द्यायला हवी. आणि सगळ्यांनी सारखंच करायचं." मला ते पटलं. मीच ते सगळ्यांकडून घोटून घेतलं. बाळंतपण झाल्यावर दुसऱ्या दिवशी बाईला दोन प्रश्न विचारायचे. आत असताना भीती किती वाटली? आणि तुमच्याजवळ कोण कोण होतं?

त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला. आमच्या आईच्या मागे तिला मीच वाढवली, त्यामुळे ती बहीण कमी आणि लेक जास्त. याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला तर मीच तिचा हात धरून बसले होते आणि माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवाचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. या वेळी तिने माझ्याच रुग्णालयात नाव घातलं. "ताई, तू असलीस की मला काही होत नाही," असं ती सगळ्यांना सांगत सुटायची.

अभ्यास सुरू झाला. सुरुवातीच्या निळ्या बटणाच्या बायका काय सांगायच्या त्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. एक म्हणाली, "आत गेले तेव्हा कुणीतरी आत्ताच उठून कोपऱ्यात सरकल्यासारखं वाटलं." दुसरी म्हणाली, तिला टाके घालताना डॉक्टर ज्या स्टुलावर बसल्या ते आधीपासूनच ऊबदार होतं, असं डॉक्टर स्वतःच पुटपुटल्या. कळांच्या भरात बायकांना काय काय भास होतात, हे मी जन्मभर बघत आलेय. त्यांना भीती खूप वाटली होती, तेवढं मी लिहून घेतलं.

पांढऱ्या बटणाच्या बायका मात्र चकित करत होत्या. पहिलटकरणीसुद्धा शांत. ओरडणं नाही, हातपाय झाडणं नाही. एकीला मी विचारलं, "तुमच्याजवळ कोण होतं?"

"तुम्ही होतात. डॉक्टर होत्या. मावशी होत्या." मग ती गोड हसली. "आणि त्या उशाशी उभ्या होत्या त्या."

"उशाशी कोण?"

"त्याच हो, वयस्कर. केसांवरून हात फिरवत होत्या. हात थंडगार, पण काय बरं वाटलं! दमल्या असतील बिचाऱ्या, स्टूल द्यायला हवं होतं त्यांना."

उशाशी कुणीही नव्हतं. तिथे भिंत आहे. पलंग भिंतीला चिकटवूनच ठेवलेला असतो.

मी मनात म्हटलं, एक झाली. मग दुसरी तेच म्हणाली, मग तिसरी. या बायका एकमेकींना ओळखत नव्हत्या, वेगवेगळ्या वॉर्डांत होत्या, आणि तरी सगळ्यांना केसांवरून फिरणारा तोच थंड हात आठवत होता. एक म्हणाली, "मी निघताना त्यांनी विचारलं, तुझ्या घरी आले तर चालेल ना? मी म्हटलं, अवश्य या. एवढं केलंत माझं." हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कृतज्ञतेचं.

पुरावाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आधाराची भावना असेल. मन घडवतं माणूस." पण त्यांनीही चष्मा काढून पुसला, आणि त्या तसं फक्त अडचणीत आल्यावर करतात.

मी त्यातल्या एका बाईच्या घरी गेले. सुइणीने बाळ बघायला घरी जाणं यात वावगं काही नाही, आणि मला डोळ्यांनी बघायचं होतं. भर दुपार होती. स्वच्छ, नीटनेटकं छोटं घर. तिने मला पाणी दिलं, हसत हसत बाळाबद्दल सांगितलं, "अजिबात रडत नाही हो. सासूबाई म्हणतात असं गुणी मूल बघितलं नाही." मग म्हणाली, "चला, दाखवते." आणि स्वतःच्याच झोपायच्या खोलीच्या दारापाशी जाऊन तिने बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं. आणि थांबली.

मी विचारलं, "आत कोण आहे?"

"बाळच. झोपलंय."

"मग वाजवता कशाला?"

ती गोंधळली. खरंच गोंधळली, मी काहीतरी अडाण्यासारखं विचारल्यागत. "विचारल्याशिवाय कसं जायचं?" तिचा कान दाराला होता. मग तिने मान डोलावली, जणू आतून परवानगी मिळाली, आणि दार उघडलं. बाळ पाळण्यात टक्क जागं होतं. माझ्याकडे बघत नव्हतं, आईकडेही नाही. पाळण्याच्या उशाशी, जिथे कुणी नव्हतं तिथे, वर बघत होतं. आणि पाळणा हळूहळू थांबत होता.

मी तिथून कशी बाहेर पडले ते माझं मला माहीत. रस्त्यावर ऊन होतं, माणसं भाजी घेत होती. मला भुताखेतांचा तिटकारा आहे. असल्या गोष्टी सांगणाऱ्या नर्सांना मी झापते. पण त्या दिवशी मला थोरल्या सिस्टरचा हात आठवला, तो कसा आपटायचा ते आठवलं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या आत यायची परवानगी मागतच नव्हत्या. त्या कुणाला तरी बाहेर काढत होत्या.

पुढच्याच शोधवारी खात्याचे साहेब आले. धोरण कसं चाललंय ते बघायला. चांगला माणूस होता, आमचं बोलणं मन लावून ऐकत होता. पुरावाबाईंनी आकडे मांडले. पांढऱ्या बटणाच्या बायकांची भीती निम्म्याहून कमी. साहेब खुर्चीत सावरून बसले. "एक पैशाचा खर्च नाही, औषध नाही, यंत्र नाही. आणि शोधलं कुणी? सुईणबाईंनी! पुढच्या वर्षी सगळ्या रुग्णालयांत हे सुरू करू. दार वाजवायचं आणि थांबायचं." माझ्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आमचं म्हणणं लिहून घेत होतं.

मी उभी राहिले. "हे थांबवायला हवं."

"का?" साहेबांनी विचारलं. आणि मग अगदी सौम्यपणे, "तुमच्याकडे पुरावा काय?"

माझ्याकडे काय होतं? थंड हात, हलणारा पाळणा, आणि वारलेल्या एका बाईची दार वाजवायची ढब. जे वाक्य पुरावाबाई येता-जाता सगळ्यांना ऐकवायच्या ते आता माझ्याच तोंडावर आलं. शेवटी मी एवढंच म्हणू शकले, "आम्ही पूर्वी थांबत नव्हतो. वाजवायचो आणि घुसायचो. ते आपण मोजलंच नाही."

पुरावाबाईंचा चेहरा उतरला. अभ्यासाचा पहिला धडा त्यांनीच आम्हाला शिकवला होता, की नव्या पद्धतीची तुलना आधीपासून चालत आलेल्या पद्धतीशी करायची. आम्ही दोन नव्याच गोष्टींची तुलना करत बसलो होतो आणि जुनी कुणाच्या लक्षातच राहिली नव्हती. कारण ती इतकी रोजची होती, की ती पद्धत आहे असं कुणालाच वाटलं नाही.

"पुढच्या टप्प्यात बघू," साहेब म्हणाले. "आहे ते आधी पूर्ण करा. मध्येच सोडलंत तर तुमचा हा मोकळा दिवस मी वाचवू शकणार नाही." ते खरं बोलत होते, आणि माझ्या सगळ्या मैत्रिणी माझ्याकडे बघत होत्या.

धाकटीला मी परोपरीने सांगितलं, की या अभ्यासात नाव घालू नकोस. कारण सांगता येईना. दिवस भरत आलेल्या, दोनदा पोळलेल्या पोरीला हे कसं सांगायचं? ती फुगून बसली. "जगभरच्या बायकांना घेतेस आणि सख्ख्या बहिणीला नको? माझी ताई संशोधन करते म्हणून मी सगळीकडे मिरवतेय!" आणि माझ्या पाठीमागे जाऊन तिने पुरावाबाईंना होकार देऊन टाकला.

तिला कळा सुरू झाल्या त्या नेमक्या शोधवारी, सकाळीच. पाणमोट फुटून पाणी गेलं होतं, बाळाचे ठोके चांगले होते, पण मध्येच मंदावत आणि मग पुन्हा सावरत. डॉक्टर म्हणाल्या, आता आत घ्या. चाकांच्या खुर्चीत धाकटी माझं मनगट पिळत होती. दाराबाहेर पुरावाबाई उभ्या होत्या, आणि साहेबही, कारण त्यांना आमची पद्धत प्रत्यक्ष बघायची होती. मावशींनी डोळे मिटून डब्यात हात घातला.

पांढरं.

"छान," साहेब पुटपुटले.

मी दारापुढे उभी राहिले. गोल काचेवरचा पांढरा रंग एका जागी ओलसर दिसत होता, कुणी आतून श्वास सोडावा तसा. मी हात उचलला. थांबले तर आतून काहीतरी उत्तर येणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि नाही थांबले, तर या सगळ्यांसमोर मी माझाच अभ्यास मोडणार होते, सगळ्यांचा दिवस पणाला लावून. माझ्या मनगटावर धाकटीची नखं रुतली होती. मी मूठ वळली, दार दोनदा जिवाच्या आकांताने आपटलं, आणि खांद्याने ढकलून खुर्चीसकट आत घुसले.

माझ्या डाव्या कुशीजवळून काहीतरी बाहेर गेलं. वारा म्हणावा तर खिडक्या बंद होत्या. रागावलेलं नव्हतं ते. घाईत असलेल्या माणसाने गर्दीतून वाट काढावी तसं गेलं. कोपऱ्यातलं स्टूल डुगडुगत होतं. मी त्याला लाथ मारून आडवं केलं.

धाकटी ओरडली. अगदी घसा फाडून, शिव्या देत, मला, नवऱ्याला, सगळ्या जगाला. असं सुंदर ओरडणं मी फार दिवसांनी ऐकलं. आणि मग मुलगी झाली, लालबुंद, मुठी आवळून, आईच्या वरताण रडणारी. मी तिला धाकटीच्या छातीवर ठेवली आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. मावशी म्हणाल्या, "अहो, तुम्हीच रडायला लागलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

दुसऱ्या दिवशी पुरावाबाईंनी तिला प्रश्न विचारले. भीती किती वाटली? "मेलेच होते मी!" जवळ कोण कोण होतं? "ताई. डॉक्टर. मावशी." आणखी कुणी? धाकटीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. "आणखी कोण असणार? उशाशी भिंत होती."

पुरावाबाई बाहेर येऊन माझा हात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिसरा गट घेऊ या. जुन्या पद्धतीचा. साहेबांशी मी भांडेन." मी थांबले नव्हते हे मी स्वतःच लिहून दिलं. साहेब नाराज झाले, धाकटीचं उत्तर मोजणीतून काढलं, पण आमचा दिवस वाचला. मला वाटलं, जिंकलो. त्या दाराशी मी पुन्हा उभी राहिले आणि आत इतकी साधी, रिकामी खोली होती, की मला माझंच हसू आलं. कोपऱ्यात नाही, उशाशी नाही, कुठेच काही नव्हतं.

ते कुठे गेलं असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. संशोधन शिकलेली बाई ना मी.

धाकटी बाळाला घेऊन माझ्याकडे राहायला आली. घर नुसतं दुपट्यांनी भरून गेलं. मुलगी आमच्याच घराण्यातली, तिचा राग नाकावर. सकाळपासून जी किरकिर लावायची ती थांबायचं नाव नाही. धाकटी वैतागायची, मी मात्र ते रडणं कानांत साठवून घ्यायचे. रडू दे, म्हणायचे. रडणारं मूल चांगलं.

आज दुपारची गोष्ट. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, धाकटी पुढच्या खोलीत बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. मुलगी बेंबीच्या देठापासून रडत होती. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. दोनदा, बोटांच्या पेरांनी, अगदी हलकेच.

मग काही नाही. पुन्हा वाजलं नाही. घंटा वाजली नाही, कुणी हाक मारली नाही. कुणीतरी दाराबाहेर नुसतं थांबलं होतं. शहाण्यासारखं, शिकवल्याप्रमाणे. इतके महिने आम्हीच त्या दाराशी उभं राहून धडा दिला होता. वाजवायचं, एक श्वास थांबायचं, उत्तराला जागा द्यायची.

माझ्या हातात पातेलं होतं. ते आपटायला मी हात वर केला, ओरडायला तोंड उघडलं.

"या ना," धाकटी आपल्या गोड आवाजात म्हणाली. "दार उघडंच आहे."

आणि सकाळपासून रडणारं बाळ एकदम गप्प झालं.